चार नंबरचा पेला

वेस्ट मांबलम, चेन्नई
६ जानेवारी २०२५

आत्या, नमस्कार.

काल फोनवर तुम्ही म्हणालात, "महत्त्वाचं असेल तर पत्र लिही," आणि फोन ठेवून दिलात. तुम्ही छत्तीस वर्षं पोस्टात काढलीत म्हणून आम्ही सगळ्यांनी हातानं पत्रं लिहायची, हा न्याय मला अजून कळलेला नाही. पण लिहितेय. इथल्या पोस्टात अंतर्देशीय पत्र मागितलं, तर खिडकीतल्या माणसानं दोनदा विचारलं, नक्की तेच हवंय ना.

विषय कॉफीचा आहे. तुम्हाला ठाऊक असलेलंच पुन्हा सांगते, कारण तुमच्या वहिनींनी, म्हणजे आमच्या अम्मांनी, ते त्यांच्या बाजूनं सांगितलेलं असणार. लग्न होऊन मी साताऱ्याहून इथे, या तंजावरी मराठी घरात आले, त्याच्या पहिल्याच आठवड्यात सगळ्यांना खूश करावं म्हणून मी कॉफीच्या पुडीत जायफळ किसून घातलं, वर वेलदोडा, आणि ते सगळं तुमच्या तंजावरच्या पितळी फिल्टरमध्ये भरलं. आमच्याकडे जायफळाशिवाय कॉफी म्हणजे आजारी माणसाचं पेय. मला काय माहीत! अम्मांनी तो फिल्टर चिंचेनं घासला, गॅसवर धरून त्याची भोकं जाळली, उन्हात ठेवला. तरी आठ दिवस कॉफीला शिऱ्याचा वास येत होता.

त्याला चार वर्षं झाली. मी सांबार करते, पायसम करते, नैवेद्य करते. फिल्टरला हात लावायचा नाही. मी साडेपाचला उठायला लागले, तर त्या पाचला उठायला लागल्या. मी पाचला, तर त्या साडेचारला. मदुराईला लग्नाला गेल्या तेव्हा फिल्टर पिशवीत घालून घेऊन गेल्या. माझा स्वतःचा स्टीलचा फिल्टर आहे. त्यातली कॉफी दिली की म्हणतात, "ठेव, पिते," आणि ती कढीपत्त्याच्या कुंडीत जाते. कढीपत्ता आता खिडकीच्या वर पोचलाय.

तर मी असं ठरवलंय. ९ फेब्रुवारीला, रविवारी, घरीच कॉफीची चाचणी. माझा भाऊ मंदार ओरगडमला ट्रकच्या कारखान्यात आहे आणि सध्या त्याला कॉफीचं वेड लागलंय. वजनकाटा, थर्मामीटर सगळं आणणार आहे. पाच कॉफ्या, पाच नंबर, कुठली कोणाची ते पिणाऱ्याला माहीत नाही. मी ऑफिसात दिवसभर सॉफ्टवेअरच्या चाचण्याच करते, एक घरात करायला काय हरकत आहे? अम्मा एका अटीवर तयार झाल्या. "वन्संनी येऊन सांगायचं. त्या चांगली म्हणाल्या तर दुसऱ्या दिवसापासनं तुझ्या हातची कॉफी. पोदुमा, एवढं पुरे?"

आत्या, मला दुसरं काही नको. अम्मांनी एकदा माझ्या हातची कॉफी पेला रिकामा होईपर्यंत प्यावी. तुमचा भाचा कार्तिक पितो, पण कार्तिक काहीही पितो. तुम्ही याल ना?

तुमची,
रुचिरा


कुंभकोणम
१३ जानेवारी २०२५

चि. रुचिरा, अनेक आशीर्वाद.

पत्र मिळालं. पिनकोडातला शेवटचा आकडा चुकला आहे. इथला पोस्टमन मला ओळखतो म्हणून आलं. ओळखत नसता तर ते भलत्याच गावी फिरत बसलं असतं.

मी येऊ शकणार नाही. गुडघा धरलाय. शिवाय चाचणी वगैरे मला पटत नाही. तुझ्या मंदारसारखे लोक एका पेल्यात सगळ्यांचे चमचे बुडवून फुर्र करून ओढतात, हे मी शेजारच्या मुलीच्या फोनवर पाहिलंय. आपल्या घरात पेल्याला ओठ लावत नाहीत आणि तिथे पाच माणसांचं उष्टं एका भांड्यात! आणि म्हणे बिनदुधाची, बिनसाखरेची. मग काढाच प्या की.

करायचीच असेल तर नीट कर. पूड मांबलमच्याच दुकानात समोर दळून घे, ऐंशीला वीस चिकोरी, त्याहून जास्त नाही. घरच्या मिक्सरवर दळशील तर पीठ होईल आणि थेंब खाली उतरणार नाही. पूड फिल्टरमध्ये घातल्यावर वरची चकती नुसती ठेवायची, दाबायची नाही. पाणी उकळलं की गॅस बंद करून शंभर अंक मोजायचे, मग गोल फिरवत ओतायचं. झाकण लावलं की कान दे. आधी भराभर थेंब पडतात, मग घड्याळासारखे. तसे पडले नाहीत तर काहीतरी चुकलं. खाली उतरलेलं डिकॉक्शन परत गॅसवर ठेवायचं नाही, कधीही नाही. दूध एकदाच तापवायचं, पाण्याचा थेंब नको. दवऱ्याच्या वाटीतून पेल्यात हातभर उंचीवरून ओतायचं, दोन बोटं फेस आला पाहिजे.

एवढं केलंस तर परीक्षकाची गरज नाही. सरोजिनीला सांग, मी येत नाही.

तुझी,
विजयालक्ष्मी आत्या


वेस्ट मांबलम
१९ जानेवारी २०२५

आत्या, नमस्कार.

पिनकोड तीनदा तपासलाय.

तुम्ही लिहिल्याप्रमाणे केलं. पहिल्या दिवशी शंभर मोजता मोजता ऑफिसचा फोन आला, पाणी गार झालं. दुसऱ्या दिवशी चकती दाबली गेली, चार तासांत सात थेंब. तिसऱ्या दिवशी कान देऊन बसले होते तर कार्तिक विचारतो, "आत उंदीर आहे का?" काल मात्र जमलं. काळंभोर डिकॉक्शन, हातभरावरून ओतलं, फेससुद्धा आला. निम्मी जमिनीवर गेली, पण उरलेल्याला फेस होता. अम्मांनी लांबूनच पाहिलं आणि म्हणाल्या, "वन्संना येऊ दे."

आता सांगा, त्यांना मी काय सांगू? त्या दुसऱ्या कोणाचं ऐकणार नाहीत. लग्नापासून बेचाळीस वर्षं ऐकतायत म्हणे, 'विजयाची कॉफी, विजयाची कॉफी'. कार्तिक शनिवारी गाडी घेऊन कुंभकोणमला येतो, तुम्हाला दारापासून दारापर्यंत आणतो. गुडघ्याला एकही पायरी चढावी लागणार नाही, लिफ्ट चालू आहे. चमचे कोणी बुडवणार नाही. प्रत्येकाला वेगळा पेला, दूध-साखर घालून. मंदार कुरकुरतोय, पण ऐकेल.

आता कुठलं कारण राहिलं?

रुचिरा


कुंभकोणम
२४ जानेवारी २०२५

चि. रुचिरा,

९ तारखेला शेजारच्या हरिप्रसादची षष्ट्यब्दपूर्ती आहे. साठी रोज रोज येत नाही. मला तिथे असलंच पाहिजे. गाडी पाठवू नका, मला गाडीत मळमळतं.

चाचणी रद्द केलीस तरी चालेल. कॉफी ही प्यायची गोष्ट आहे, परीक्षा घेण्याची नाही.

आत्या


वेस्ट मांबलम
२९ जानेवारी २०२५

आत्या,

कार्तिकनं हरिप्रसादमामांना अभिनंदनाचा फोन केला. त्यांची साठी मार्चच्या शेवटी आहे. त्यांना फार आनंद झाला, दोन महिने आधीच कोणाला तरी आठवण आहे म्हणून.

मी हात टेकले. गुडघा, मग साठी, मग मळमळ. मागच्या वर्षी तुम्ही बसनं तिरुपतीला गेला होतात, तेव्हा मळमळलं नव्हतं. यायचं नाही हे कळतंय मला. का, तेही कळतंय. अम्मा तुमच्या भावजय, बेचाळीस वर्षांची ओळख. मी काल आलेली, जायफळवाली. मी परकी आहे म्हणून तुम्हाला माझ्या बाजूनं एक शब्दही बोलायचा नाही, असंच ना? तसं सरळ लिहायचं होतं. ताकाला जाऊन भांडं कशाला लपवायचं?

चाचणी ९ तारखेलाच होणार. तुम्ही नाही आलात तर मी पुन्हा विचारणार नाही. ना फोनवर, ना पत्रानं.

रुचिरा


कुंभकोणम
३ फेब्रुवारी २०२५

शनिवारी येते. गाडी नको. तांबरमला उतरून लोकलनं मांबलमला येईन. स्टेशनवर कोणी येऊ नये, मी हरवण्यासारखी नाही.

आत्या


वेस्ट मांबलम
१२ फेब्रुवारी २०२५

आत्या,

पुन्हा लिहिणार नाही म्हटलं होतं, पण तुम्ही सोमवारी सकाळी कॉफीसुद्धा न घेता स्टेशन गाठलंत, म्हणून विचारायचं राहून गेलं.

मी तुमचं काय बिघडवलं होतं?

मी रविवारी चारला उठले. तुमच्या पत्रातल्याप्रमाणे सगळं केलं, एक अक्षर चुकवलं नाही. अम्मांच्या अंगात तर वारं भरलं होतं. नणंद परीक्षक आणि शेजारचं बिऱ्हाड प्रेक्षक! त्या गडबडीत त्यांच्याकडून दूध खाली लागलं. घरभर करपट वास. शेजारच्या काकूंनी नाकाला पदर लावला, आणि तुम्ही काय म्हणालात? "दूध छान तापलंय." अम्मांचा चेहरा एवढासा झाला. मला वाटलं, वा, आत्या आज कोणाला सोडणार नाहीत. मी दुसरं दूध आणवलं.

मग तुम्ही एकेक पेला उचलून दवऱ्यात ओतलात, परत पेल्यात घेतलात, उजेडात धरलात, वरून तोंडात धार सोडलीत. चार नंबर पहिला. "याला कॉफी म्हणतात," असं तुम्ही मोठ्यानं म्हणालात. अम्मांची दुसरी. कोपऱ्यावरच्या मेसची तिसरी. मंदारची बिनचिकोरीची चौथी. आणि माझी पाचवी. "हे नुसतं पाणी आहे."

पाणी, आत्या.

आणि तो गाढव मंदार टाळ्या वाजवत सांगतो, चार नंबर म्हणजे पाकिटातली इन्स्टंट! प्रत्येक चाचणीत एक फसवा पेला ठेवायचा असतो म्हणे. यंत्रानं घुसळून फेस आणला होता त्यानं. अम्मा इतक्या हसल्या की खाली बसल्या. हसता हसता त्यांना एवढंच सुचलं, "सुनेची कॉफी पुडीच्याही खाली!" आता हे वाक्य रोज सकाळी ऐकते. इस्त्रीवाल्यालासुद्धा सांगून झालंय.

कार्तिक म्हणतो, माझी सगळ्यांत चांगली होती. शेजारच्या काकूही म्हणाल्या. पण त्यांना कोण विचारतं? मला पाडायचं होतं तर दुसरा, तिसरा नंबर द्यायचा. पाकिटाच्या खाली कशाला घातलंत? मला खूप लागलं, आत्या. एवढंच लिहायचं होतं.

रुचिरा


कुंभकोणम
१८ फेब्रुवारी २०२५

चि. रुचिरा,

दूध लागलं होतं हे मला तुझ्या पत्रातून कळलं.

२०२१ च्या त्या तापात माझा वास गेला. चवही गेली. चार-सहा महिन्यांत परत येईल म्हणाले. नाही आली. खारट, आंबट, गोड एवढं जिभेला लागतं. बाकी सांबार काय आणि रसम काय, मला सारखंच. कॉफी म्हणजे गोड गरम पाणी. गेली चार वर्षं मी कॉफी करते ती डोळ्यांनी आणि कानांनी. हात चुकत नाहीत, म्हणून कोणाला कळत नाही.

सांगितलं नाही. संध्याकाळी गल्लीतली पाच-सात माणसं माझ्याकडे कॉफीला येतात. कळलं तर येणं बंद करतील असं नाही. पण मग ती कीव करून पितील, आणि मी समोर बसून ते बघायचं. आयुष्यभर नाकानं कांदे सोलले आणि नाकच गेलं. कोणत्या तोंडानं सांगायचं?

म्हणून तुला गुडघा लिहिला, साठी लिहिली. खोटं लिहायची सवय नाही, त्यामुळे धड जमलंही नाही. पण तू 'परकी' असं लिहिलंस, आणि त्यानंतर घरात बसून राहणं मला शक्य नव्हतं. वाटलं, रंग आणि फेस बघून निभावून नेईन. चार नंबरला फेस सगळ्यांत उंच होता. तुझा पेला माझ्या हातात येईपर्यंत फेस बसला होता, म्हणून पाणी म्हणाले. तुझी कॉफी कशी होती ते मला माहीत नाही, मुली. मी तिचा घोट घेतला आणि मला काहीच कळलं नाही. आजपर्यंत इतक्या पत्रांवर शिक्के मारले, पण इतका चुकीचा शिक्का कधी मारला नव्हता.

माझा निकाल रद्द समज. हे पत्र सरोजिनीला दाखव. माझी अब्रू जाईल ती जाऊ दे. मला तुझी क्षमा मागायची आहे.

आत्या


वेस्ट मांबलम
२३ फेब्रुवारी २०२५

आत्या, नमस्कार.

तुमच्यावर नीट चिडायचं होतं, तेही तुम्ही करू दिलं नाहीत.

चार वर्षं! एवढ्या काळात एकदा डॉक्टरकडे परत जायला काय झालं होतं? घरात एकट्या राहता. गॅस सुरू राहिला, काही करपलं, तर कळणार कसं? या प्रश्नाचं उत्तर सरळ द्या, गुडघ्यावर ढकलू नका. गॅस गळला की वाजणारं यंत्र मिळतं. कार्तिक पुढच्या आठवड्यात येऊन बसवून जाणार आहे. त्याला मी एवढंच सांगितलंय की तुम्ही एकट्या असता.

पत्र मी कोणाला दाखवणार नाही. अम्मा मनानं वाईट नाहीत, पण त्यांच्या तोंडात तीळ भिजत नाही. सकाळी कळलं तर दुपारपर्यंत जॉर्ज टाउनच्या चुलत दिरांनासुद्धा कळेल, आणि संध्याकाळपर्यंत तुमच्या गल्लीत. मग ती पाच-सात माणसं काय करतील ते तुम्हीच लिहिलंय. निकाल आहे तसाच राहू दे. मी पाचवी.

हे लिहायला सोपं आहे. सकाळी स्वयंपाकघरात अम्मांचं ते वाक्य ऐकलं की पत्र त्यांच्यापुढे ठेवावंसं वाटतं. रोज वाटतं. काल बाथरूमचा नळ सोडून रडून घेतलं. पण ठेवणार नाही. तुम्ही काळजी करू नका.

तुमची,
रुचिरा


वेस्ट मांबलम
४ मार्च २०२५

वन्सं, नमस्कार.

बेचाळीस वर्षांत मी तुम्हाला पत्र लिहिलं नाही, कारण तुम्ही चुका काढता. आज काढू नका.

१८ तारखेचं तुमचं पत्र पोस्टमननं माझ्या हातात दिलं. तुमचं पत्र या घरात आजवर जो आधी बघेल तो फोडत आलाय. मामंजी असल्यापासूनची रीत आहे. मी फोडलं, वाचलं, आणि देवासमोर जाऊन बसले. तुमच्या कॉफीवर मी इतकी वर्षं जळत आले, आणि तुम्ही चार वर्षं गरम पाणी पिताय! एकदा तरी मला सांगायचं होतं. मी एवढी दूरची होते का?

मग भाताच्या शितानं पत्र होतं तसं चिकटवलं आणि सुनेच्या टेबलावर ठेवलं. मनात म्हटलं, आता ही आल्या आल्या माझ्या तोंडावर आपटणार. माझ्या जागी कोणीही आपटलं असतं. मी तरी नक्कीच.

तिनं वाचलं आणि कपाटात ठेवलं. जेवताना काही नाही. दुसऱ्या दिवशी काही नाही. मी मुद्दाम डिवचलं, "पुडीच्याही खाली." तिनं ताटं उचलली. शेजारणीसमोर म्हणाले, तिच्या भावासमोर म्हणाले. तिचे डोळे भरायचे, पण तुमचं नाव तोंडातून निघालं नाही. अकरा दिवस मी त्या पोरीला छळलं, वन्सं. पहिले दोन दिवस पारखायला, आणि नंतर आता थांबायचं कसं ते कळेना म्हणून. मला माझी लाज वाटते. तोंडात तीळ भिजत नाही असं सगळे मला म्हणतात ना? ही गोष्ट मात्र मी कोणाला सांगितलेली नाही, आणि सांगणारही नाही.

आज सकाळी मी उठलेच नाही. डोळे मिटून पडून राहिले. ती दोनदा दारात येऊन बघून गेली. मग डोक्याला हात लावून ताप बघितला. मी म्हटलं, "ताप नाही. कॉफी कर." ती विचारते, "कुठल्या फिल्टरमध्ये?" मी म्हटलं, "पितळी." शेवटी पेला घेऊन आली आणि हात बांधून उभी राहिली, शाळेतल्या मुलीसारखी. मी सगळी प्यायले. थोडी पातळ होती, चकती अजून दाबते ती. मी पेला पुढे केला आणि म्हटलं, अजून दे.

पाडव्याला इकडे या. कॉफी कशी झालीय ते मी तुमच्या कानात सांगत जाईन, तुम्ही नुसत्या प्या. बाहेर कोणाला काही कळायचं कारण नाही.

मी पत्र वाचलं हे मुलीला सांगू नका. मला तिची कॉफी आवडली, असंच तिला वाटू दे. तसं खोटंही नाही ते.

तुमची,
सरोजिनी